हो, हेच म्हणायचं होतं

सभागृहात एकच खुर्ची रिकामी होती, आणि तीही पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. पहिलीच्या वर्गाच्या बाईंना यायला उशीर झाला होता. हातात ओली छत्री, काखेत गुंडाळलेला तक्ता... अशा वेळी माणूस मागचापुढचा विचार करत नाही. ती जाऊन बसली, तक्ता मांडीवर उलगडला, आणि छतातून पाण्याचा टपोरा थेंब बरोबर त्याच्यावर पडला.

"तिथं बसू नका," मागच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं. "ती खुर्ची शिक्षणाधिकाऱ्यांसाठी आहे."

"आलेत का ते?"

"नाही अजून. पण आले की तिथंच बसायला हवेत. फार मेहनतीनं लावलीय हो ती खुर्ची मी."

तिनं वळून पाहिलं. शर्टाच्या बाह्या दुमडलेला, कानामागं पेन्सिल खोचलेला एक उंच माणूस तिच्याकडं अजिजीनं बघत होता. तिनं छताकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं पाहिलं.

"म्हणजे... तुम्ही मुद्दाम?"

"अर्ज लिहून लिहून बोटं झिजली. म्हटलं, कागद वाचत नाहीत, निदान टाळूवर पडलं तर कळेल."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि हसली. पण उठली मात्र नाही. "मी आधी आलेय," ती म्हणाली आणि सरळ पुढं बघायला लागली. साहेब आले ते कडेच्या कोरड्या खुर्चीवर ऐसपैस बसले. खुर्ची लावणाऱ्या बिचाऱ्याच्या सगळ्या बेतावर पाणी पडलं, आणि ते पाणी तिच्या तक्त्यावर पडू नये म्हणून सभा संपेपर्यंत मागून तिच्या डोक्यावर छत्री धरून बसायची वेळही त्याच्यावरच आली. बाहेर पाऊस कधीचा थांबला होता, छतातला मात्र चालूच होता.

सभा होती विभागातल्या सगळ्या शाळांची. लहानमोठ्या, गावातल्या, गावाबाहेरच्या सगळ्या शाळांनी मिळून एक स्वप्न ठरवायचं, म्हणजे इथून बाहेर पडणारं मूल कसं असावं ते एका वाक्यात लिहायचं, आणि त्यासाठी आधी सुधारायच्या तीन गोष्टी निवडायच्या. ज्या तीन निवडल्या जातील त्यांना पुढची पाच वर्षं माणसं आणि पैसा मिळणार होता, बाकीच्यांनी वाट बघायची. एकेका शब्दावरून किती कीस पाडावा! 'सर्वांगीण' हा शब्द त्या वाक्यात हवाच असं म्हणणारे एका बाजूला बसले आणि तो शब्द ऐकला की डोकं दुखतं असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. शेवटी वाक्य ठरलं. दोन गोष्टीही ठरल्या: रिकाम्या जागांवर शिक्षक आणि लांबच्या मुलांसाठी बस. तिसऱ्या जागेवर घोडं अडलं. पहिलीच्या बाईंना तिथं वाचन हवं होतं. वाचता न येता पुढं ढकललेल्या मुलांसाठी प्रत्येक शाळेत, त्यांच्या शेजारी बसून वाचायला शिकवणारी एक खास बाई. आणि खुर्ची लावणाऱ्या त्या माणसाला, म्हणजे इमारत विभागाच्या इंजिनियरला, हवी होती छपरं.

समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर शिक्षकांची भांडणं सोडवून त्यांनी एक रीत बसवली होती. तिला सगळे 'उसनं तोंड' म्हणत. आपलं म्हणणं आपण मांडायचंच नाही, समोरच्याचं मांडायचं. आणि तेही 'त्यांना असं वाटतं' असं नाही, 'मला असं वाटतं' असं, त्याच्या जागी उभं राहून. मग अध्यक्षबाई मूळ माणसाला विचारणार, "हेच म्हणायचं होतं?" तो "हो, हेच" म्हणाला तरच ते धरायचं, नाहीतर रद्द.

"आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इथं चालायचं नाही," त्या म्हणाल्या. "शेवटच्या सभेत बाई छपरांबद्दल बोलतील आणि इंजिनियर वाचनाबद्दल. तोवर एकमेकांकडून शिकून घ्या."

"आता आली का पंचाईत," तो जिना उतरताना म्हणाला.

"का? मी शिकवायला वाईट नाहीये."

"तीच तर पंचाईत."

मग शिकणं सुरू झालं. तिनं त्याच्या मागोमाग शिडी चढून शाळांची छपरं पाहिली. भेग कुठं पडते, पाणी शिरतं एकीकडं आणि ठिबकतं भलतीकडंच, हे तिला समजायला लागलं. त्याला तिनं वर्गात छोट्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकवून तो एका मुलीचं अडखळत वाचणं ऐकत राहिला. ती मुलगी एका शब्दावर थांबली तेव्हा तो मदत करायला पुढं झुकला, आणि बाईंनी त्याच्या मनगटावर अलगद हात ठेवला. थांबा, येईल तिला. आला तो शब्द. हात मात्र जरा उशिरानंच उचलला गेला... दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

घरी ती आणि तिची आत्या, दोघीच. तळमजल्यावर आत्याचं शिवणाचं दुकान. मशीन चालवता चालवता आत्या विचारायची, "आज काय म्हणाले छप्पर?"

"आमच्या शाळेच्या छपराची पाहणी करायला परत येणारेत."

"परत? एवढं बिघडलंय?"

"पाहणी नीट करावी लागते, आत्या."

"हो तर," आत्या दोरा दातानं तोडत म्हणायची, "शिडी चढल्याशिवाय कसं कळणार."

अशाच एका पाहणीला दोघं गच्चीवर कठड्याला टेकून बसले होते. खाली शाळा सुटली होती. त्यानं सहज विचारलं, "सगळं सोडून वाचनच का?" आणि जे आजवर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं ते ती बोलून गेली. ती स्वतः चौथीपर्यंत वाचू शकत नव्हती. शेजारची मुलगी मोठ्यानं वाचायची ते ऐकून धडे पाठ करायची आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची. एक दिवस पुस्तक उलटं धरलं गेलं. वर्ग हसला. हसल्या नाहीत त्या एकच बाई. वर्षभर मधल्या सुट्टीत त्या तिच्या शेजारी बसल्या.

तो कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं त्या भेटल्या." एवढंच, पण तिला फार हलकं वाटलं. माणूस आवडणं म्हणजे आणखी काय असतं, असा एक प्रश्न जिना उतरताना तिच्या मनात डोकावला, आणि तिनं तो चटकन आत ढकलला.

शेवटच्या सभेला सभागृह भरलं होतं. छत अजून गळत होतं. आधी ती बोलली, "मी छपरं सांभाळतो" म्हणून. छत्री उघडून फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांबद्दल आणि पावसाळ्यात बंद राहणाऱ्या वर्गांबद्दल बोलली. लोक माना डोलवायला लागले. अध्यक्षबाईंनी विचारलं, आणि तो "हो, हेच" म्हणाला. आपणच आपल्या हातानं वाचन बुडवलं, असं तिला वाटायला लागलं.

मग तो उभा राहिला. आकडे बोलला, ते कुणी ऐकले नाहीत. त्याची नजर तिच्या पडलेल्या चेहऱ्यावर गेली, आणि तो थांबला. पुन्हा बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता.

"चौथीपर्यंत मला वाचता येत नव्हतं," तो म्हणाला. "मी धडे पाठ करायचे. एक दिवस मी पुस्तक उलटं धरलं..."

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. तो बोलत गेला, मधल्या सुट्टीपर्यंत, शेजारी येऊन बसलेल्या त्या बाईंपर्यंत. आणि शेवटच्या वाक्याला पोचल्यावर आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. रीतच तशी होती. उसन्या तोंडानं 'मी' म्हटलं की तो 'मी' कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तो मटकन खाली बसला.

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"बाई," अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं, "हेच म्हणायचं होतं?"

'नाही' म्हटलं तर सगळं रद्द, आणि वाचनही गेलं. 'हो' म्हटलं तर उद्यापासून गावभर, पहिलीच्या बाईंनाच वाचता येत नव्हतं म्हणे. तिला बाकावर अडखळणारी ती मुलगी आठवली.

"हो," ती म्हणाली. "हेच."

हात वर झाले आणि तिसऱ्या जागेवर वाचन बसलं. साहेबांनीसुद्धा हात वर केला. लोक अभिनंदन करायला येईपर्यंत ती छत्री विसरून निघून गेली होती.

"गिऱ्हाइकं सांगत होती," संध्याकाळी आत्या म्हणाली.

"तुला वाईट वाटलं? मी कधी बोलले नाही म्हणून?"

"अगं, घरात का ते झाकलं जातं? दुकानाची पाटी दर वेळी वेगळी वाचायचीस तू." आत्यानं मशीन थांबवलं. "मला नाही सांगितलंस, त्याला सांगितलंस. माझा राग नाही हो. मी आपलं नोंदवून ठेवलं."

त्यावर तिला रडूही आलं आणि हसूही.

दोन दिवसांनी, शाळा सुटल्यावर, तो वर्गाच्या दारात उभा होता. या वेळी शिडी नव्हती, हातात फक्त तिची छत्री. तो नीट झोपला नसावा. कानामागं पेन्सिलसुद्धा नव्हती.

"आत येऊ?"

"छप्पर ठीक आहे आमचं."

"मी छपरासाठी नाही आलो." तो त्याच छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसला. "तुमचं म्हणणं मी मांडतो. चुकलं तर सांगा. 'मला राग आलाय, कारण माझं गुपित सगळ्यांना कळलं.'"

"नाही."

"'मला राग आलाय, कारण ते सांगण्याआधी मला विचारलं नाही.'"

"जवळ आलात. पण नाही."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मैदानात कुणाचा तरी डबा विसरला होता.

"मग मला नाही येत," तो म्हणाला. "तुम्हीच सांगा."

ती फळा पुसत होती. पुसून झालेला फळा पुन्हा पुसत ती म्हणाली, "ते मी समितीला सांगितलं नव्हतं. वाचनाच्या बाजूनं मुद्दा म्हणूनही नाही. ते मी... तुला सांगितलं होतं."

तो 'तू' खोलीत आला, आणि परत कुठं जाईना.

"चुकलं माझं," तो शेवटी म्हणाला. "तुझा चेहरा उतरलेला दिसला आणि मला बाकी काही दिसेना. तुझं जिंकावं, एवढंच वाटत होतं."

"आणि छपरं गेली."

"छपरं काय, गळत राहतील. मी पुन्हा खुर्च्या लावीन."

आता मात्र तिला हसू लपवता येईना. फळा सोडून ती त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली. बाक इतके लहान की गुडघ्याला गुडघा लागला.

"माझी पाळी," ती म्हणाली. "तुझं म्हणणं मी मांडते. 'मी इंजिनियर आहे. छप्पर गळतं की नाही ते मला खालूनच कळतं. पण त्या दिवशी एक बाई माझ्या खुर्चीवर येऊन बसली, आणि तेव्हापासून मी तिच्या शाळेच्या छपराची पाहणीच करतोय. सारखी करतोय. आणि ते छप्पर कधी गळलेलंच नाही.'"

त्याचे कान लाल झाले. "हे... कधी कळलं तुला?"

"रोज त्याच्याखाली बसते मी."

"आणि तरी शिडी धरायचीस?"

"ताकाला जाऊन भांडं लपवणारा तू एकटाच का?"

बाहेर शिपाईमामा एकेक खिडकी लावत येत होते. कड्यांचा आवाज जवळ येत होता. तो थोडा पुढं झुकला.

"पुढं? थांबलीस का? माझं म्हणणं अर्धंच झालं."

"पुढचं नाही सांगणार. ते उसन्या तोंडानं सांगायचं नसतं. तुझं तू सांग."

त्यानं घसा साफ केला. भरल्या सभागृहात बोललेला हा माणूस, एका रिकाम्या वर्गात त्याला शब्द सापडेना. छत्रीची मूठ उगाच फिरवत राहिला. तिनं त्याच्या मनगटावर अलगद हात ठेवला आणि वाट पाहिली. येईल त्याला.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "फार. यापुढं तू मला जे सांगशील ते माझ्यापाशीच राहील. आणि तुझ्याजवळ बसायला मला... छपराचं निमित्त नकोय."

शिपाईमामा दारापर्यंत आले, आत पाहिलं, आणि ही एवढी खिडकी उघडी ठेवून पुढच्या वर्गाकडं गेले.

या वेळी तिला कुणी विचारलं नव्हतं. पण रीत ती रीत. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात तसाच ठेवून म्हणाली,

"हो. हेच म्हणायचं होतं मला."