येरिंगलचा वन्स मोअर

डेल्मा पास्को अडतीस वर्षं रंगभूमीवर होती, पण तिला नावानं ओळखणारी माणसं मेलबर्नच्या एका ट्रॅममध्ये मावली असती आणि वर चार जागा रिकाम्या राहिल्या असत्या. संगीत नाटकांत ती बहुतेक वेळा ‘बदली’ असायची. मुख्य नटीची सगळी गाणी, सगळे संवाद, सगळी पावलं पाठ करायची, रोज तिच्याआधी रंगपटात हजर व्हायचं, आणि ती ठणठणीत आहे असं दिसलं की निमूट कोरसच्या तिसऱ्या रांगेत जाऊन उभं राहायचं. कधी दासी, कधी नर्स, कधी शेजारीण, अशी कामं मिळाली. गळा चांगला होता. सगळेच तसं म्हणायचे, आणि म्हणून झालं की दुसऱ्या कुणाला तरी घ्यायचे.

आता पंचाहत्तरीला ती यारावीलच्या घरात, पुढच्या खोलीत, शाळकरी मुलींना गाणं शिकवायची. लग्न केलं नव्हतं. त्याची खंत नव्हती. खंत वेगळीच होती, आणि ऑक्टोबरात आलेल्या एका पत्रानं तिच्यावरची खपली काढली.

पत्र येरिंगलहून होतं. गावातला मेकॅनिक्स हॉल, म्हणजे नाटकं-सभांचं सार्वजनिक सभागृह, दुरुस्त होऊन शनिवारी दुपारी पुन्हा उघडणार होता. ‘१९७२ साली “दीपगृहाची मुलगी”च्या दौऱ्यात आपण आमच्या हॉलमध्ये मुख्य भूमिका केली होती. आपला पत्ता कलाकारांच्या संघटनेकडून मिळाला. आपण पाहुण्या म्हणून यावं, अशी गावाची इच्छा आहे.’ खाली सही होती, हेझल ओडगर्स, कमिटीतर्फे.

डेल्मानं पत्राची घडी घालून ते साखरेच्या डब्याखाली ठेवलं. दोन दिवस बाहेर काढलंच नाही.

तो दौरा तिनं केला नव्हता. नाकारला होता. मुख्य भूमिका, अकरा जणांची मंडळी, एक जुनी बस आणि बावीस गावं. त्याच आठवड्यात मेलबर्नच्या एका मोठ्या थिएटरात बदली म्हणून तिची निवड झाली. तिथला व्यवस्थापक म्हणाला, “खेड्यापाड्यांत कुठं धूळ खात फिरतेस? इथं थांब. एक संधी मिळाली की नाव झालंच समज.” ती थांबली. दौऱ्यासाठी तिनं ग्वेन लाफ्टनचं नाव सुचवलं. ग्वेन तिची मैत्रीण. दोघी फिट्झरॉयला एका खोलीत राहायच्या, दोघींत मिळून एकच ओव्हरकोट होता, तो आळीपाळीनं घालायच्या. त्या खेपेला कोट ग्वेन घेऊन गेली.

येरिंगलचा दुपारचा प्रयोग संपवून बस चारला निघाली. गावाबाहेरच्या खिंडीत, वळणावर, ओंडक्यांनी भरलेला ट्रक उलटला आणि बस त्याखाली सापडली. पाच माणसं गेली. त्यांत ग्वेन होती.

अंत्यविधी शुक्रवारी जिलाँगला होता. नेमका त्याच दिवशी मुख्य नटीला ताप आला. “आज तू उभी राहणार,” व्यवस्थापकानं सांगितलं. डेल्मा सकाळपासून रंगपटात बसून राहिली. केस झाले, रंग झाला, पोशाख चढला. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना मुख्य नटी शाल लपेटून आत आली आणि म्हणाली, “माझा ड्रेस काढ गं.”

ते नाटक पुढं दीड वर्ष चाललं. बाईंचा एकही प्रयोग चुकला नाही.

तिसऱ्या दिवशी डेल्मानं येते म्हणून कळवलं. चूक पत्रातूनही सुधारता आली असती. पण तिला त्या रंगमंचावर उभं राहून ग्वेनचं नाव घ्यायचं होतं. इतक्या वर्षांत तिनं तेवढंही केलं नव्हतं.

*

“ट्रेन वेळेवर आली! आज काहीतरी आक्रीत घडणार बघ,” असं म्हणत फलाटावर एका लठ्ठ, ऐंशीच्या घरातल्या बाईनं डेल्माला मिठीच मारली. “मी हेझल. डेल्मा, अगं, तू होतीस तश्शीच आहेस! आणि ग्वेन? ती नाही आली?”

डेल्माची पिशवीवरची पकड घट्ट झाली. “कोण?”

“ग्वेन गं. का, गुडघे पुन्हा कुरकुरायला लागले? ख्रिसमसच्या कार्डात लिहिलं होतं तिनं.” उत्तराची वाट न बघता हेझलनं बॅग गाडीत मागं टाकली. “चल, बस. सँडविचेस वाळून कोळ होतील, आणि सगळे मला बोलतील.”

डेल्मानं गाडीत बसल्या बसल्या मनाची समजूत घातली. म्हातारं माणूस. ग्वेन नावाच्या बायका गावोगाव असतात. या वयात नावं एकमेकांत मिसळतात. तिची स्वतःचीही मिसळायची.

हॉलमध्ये ताज्या रंगाचा आणि जमिनीला लावलेल्या मेणाचा वास होता. बाहेर निलगिरीवर मॅगपाय पक्षी ओरडत होते. उन्हानं पत्र्याचं छप्पर मधूनच टणकन वाजायचं. कार्यक्रम तीनला होता, अजून तास होता. बायका लांबलचक टेबलावर कपबशा मांडत होत्या, आणि डेल्मा आत येताच त्यांतल्या दोघी-तिघींनी काम थांबवून तिच्याकडं बघून मान हलवली. ओळखीच्या माणसाकडं बघून हलवतात तशी.

भिंतीवर काचेत जुनं कार्यक्रमपत्रक लावलं होतं, सगळ्यात वर नायिकेचं नाव. ‘मेरिअन : डेल्मा पास्को.’

तिला हायसं वाटलं. आता उलगडा झाला. पत्रकं आधीच छापून झाली असणार. तिनं नकार दिल्यावर ती बदलायला कुणाला वेळ मिळाला नसणार. गावानं पत्रक जपलं आणि नाव तेवढंच लक्षात राहिलं. तिनं भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं : ‘या कागदावरचं नाव खोटं आहे.’

शेजारी फोटो होता. हॉलच्या पायऱ्यांवर अकरा जण. मधोमध पांढऱ्या पोशाखातली मुलगी. डेल्मानं चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

ग्वेन चांगली उंच होती. ही मुलगी बुटकी होती. मान डावीकडं कलती होती. सगळे फोटोवाले डेल्माला जी मान सरळ करायला सांगायचे, ती. हातावर ओव्हरकोट टाकलेला होता.

“फोटो वाकडा आहे, पण त्याला माझा इलाज नाही,” मागून कुणीतरी म्हणालं. “मी काढला. माझे सगळेच फोटो वाकडे येतात.”

हेझलचा भाऊ क्लेम. गावच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर, काटकुळा, कोटाच्या खिशाला तीन पेनं.

“हा... कधीचा?” डेल्मानं विचारलं.

“त्याच दुपारचा. नाटक सुरू व्हायच्या आधी.” तो हसला. “तुला कशी आठवण असणार म्हणा. बावीस गावांत बावीस खुळे कॅमेरा घेऊन उभे असतील. पण गाणं तर आठवत असेल? चल, ऐकवतो. मी तेव्हा केलेल्या टेपवरून नवीन पोरांनी उतरवून दिलंय. खरखर आहे, पण ती माझी.”

रंगमंचाच्या बाजूला छोट्या खोलीत त्यानं यंत्र लावलं. आधी टाळ्या. खुर्च्यांचा आवाज. लोक उठत होते, नाटक संपलं होतं. मग एका मुलीचा आवाज, श्वास लागलेला :

“थांबा हं. मागं दारात एक आजी उभ्या आहेत. आताच आल्या वाटतं. आजी, या, बसा. नाही, नाही, आम्हाला काही घाई नाही. कुणीतरी गाडीला थांबायला सांगा.”

आणि ती गायला लागली.

डेल्मा बसली. बसायला काय होतं, हे तिनं पाहिलंच नाही, खोकं होतं. ते मेरिअनचं शेवटचं गाणं होतं. दौऱ्यासाठी तिनं ते एका रात्रीत पाठ केलं होतं आणि कुणासमोर कधीही म्हटलं नव्हतं. ग्वेनचा गळा घंटेसारखा होता, वर वर चढणारा. हा आवाज खाली, जरा जाड, आणि शेवटच्या ओळीआधी चोरून श्वास घेणारा. त्या श्वासापायी तिनं गाण्याच्या मास्तरांची किती बोलणी खाल्ली होती.

“ती आजी म्हणजे आमची आई,” क्लेम म्हणाला. “गाय व्यायला झाली होती, म्हणून उशीर झाला. तशीच गोठ्यातले बूट घालून आलेली. तिच्यासाठी तू सगळं गाणं पुन्हा म्हटलंस. वर लोकांनी वन्स मोअर दिला तो वेगळाच.” त्यानं यंत्राचा आवाज कमी केला. “चारला निघायचं होतं तुम्हाला. चार वाजून दहा मिनिटांनी खिंडीत ट्रक उलटला. रस्ता मोकळा होता, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आई मरेपर्यंत सांगायची, माझ्या गाईनं अकरा माणसं वाचवली. आम्ही म्हणायचो, गाईनं नाही, डेल्मानं.”



डेल्मा उघड्या दारातून रंगमंचाकडं बघत होती. रंगमंचावरून हॉलचं मागचं दार किती लांब पडत असेल, हे ती मोजत होती. ग्वेनला लांबचं दिसत नसे. चष्मा रंगपटात ठेवून ती अंदाजानं रंगमंचावर वावरायची, आणि त्यावरून दोघी पोट धरून हसायच्या. ग्वेननं गाणं म्हटलं असेल, नमस्कार केला असेल, आणि दारात उभी राहिलेली म्हातारी तिला दिसलीच नसेल. गाडी वेळेवर निघाली असेल.

डेल्माची लांबची नजर मात्र अजूनही चांगली होती.

“हा प्रयोग मी केला नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. “मी मेलबर्नला होते. ग्वेननं केला. बस चारलाच निघाली, क्लेम. ग्वेन त्या खिंडीत गेली.”

हेझल चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तिचा कप बशीवर किणकिणला.

“काय बोलतेस तू? ग्वेन गेली? अगं, गेल्याच महिन्यात बोलले मी तिच्याशी!”

“गेल्या महिन्यात?”

“थांब तू. मला आता धीर नाही.” हेझल तरातरा तिकीटघरात गेली. तिथल्या भिंतीवरच्या फोनची बटणं ती एकेक करून दाबत होती. डेल्मा तिच्या मागोमाग गेली.

“ग्वेन? हेझल बोलतेय. आहेस ना गं बाई जागेवर?... नाही, काही नाही. ही डेल्मा इथं काहीतरीच बडबडतेय... अगं हो, इथं. माझ्यासमोर उभी आहे.”

मग ती ऐकत राहिली. खूप वेळ.

“काय म्हणालीस?” तिनं हळूच विचारलं. आणि डेल्माकडं न बघता रिसिव्हर तिच्यापुढं धरला.

“हेझल?” पलीकडचा आवाज म्हातारा होता, घोगरा होता, पण शब्दाच्या शेवटी हसू यायचं ते तसंच येत होतं. “माझी फिरकी घेतेस होय? डेल्मा तिकडं कशी येईल? ती मागं कपडे वाळत घालतेय. बोलावू का? थांब.”

रिसिव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. लांबवर समुद्र ऐकू येत होता.

“डेल्मा! येरिंगलहून फोन आहे!”

जाळीचं दार करकरलं. कुणीतरी चपला झटकल्या. पावलं जवळ आली.

“हॅलो, डेल्मा बोलतेय.”

तो आवाज तिच्याहून तरुण नव्हता. तिच्याइतकाच थकला होता, पण कपडे वाळत घालून थकावा तसा.

डेल्माला खूप विचारायचं होतं. मुख्य भूमिका आणखी मिळाल्या का. नाव झालं का. त्यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

“ग्वेन बरी आहे ना?” ती म्हणाली.

“ग्वेन? तिला काय धाड भरलीय! सकाळपासून माझ्यावर डाफरतेय.” पलीकडं दोघी हसल्या. मग, “कोण बोलतंय?”

“काही नाही. हॉलमधून. सगळं छान झालंय, एवढंच कळवायचं होतं.”

तिनं रिसिव्हर जागेवर ठेवला. हॉल भरू लागला होता. पहिल्या रांगेत कुणीतरी खुर्च्या नीट लावत होतं.

ती वळली. हेझल तिच्याकडंच बघत होती. मघाची भीती तिच्या चेहऱ्यावर राहिली नव्हती, आणि ओळखही. तिथं नुसता अगत्याचा भाव होता, सभेला आलेल्या परगावच्या माणसासाठी असतो तसला.

“माफ करा हं,” हेझल म्हणाली. “फोन हवा होता का तुम्हाला? तुम्ही कुणाबरोबर आलात?”