चंद्राचा जोड

"तुमचा चंद्र पृथ्वीएवढा झालाय."

वैजयंतीनं मान वर केली. सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या तिच्या ऑफिसातली लाईट गेली होती, म्हणून ती लॅपटॉप घेऊन खाली चहाच्या टपरीवर येऊन बसली होती. आणि हा कोण कुठला उन्हानं रापलेला पोरगा खुशाल तिच्या स्क्रीनमध्ये डोकावत होता.

"म्हणजे?"

"गोलाची त्रिज्या बघा की. सहा हजार तीनशे अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. ही पृथ्वीची. चंद्राला सतराशे सदतीस लागते. सॉफ्टवेअर आपोआप पृथ्वी धरतं, बदलायचं राहून जातं."

त्याचं बरोबर होतं, राग त्याचाच आला. साखर कारखान्यांसाठी उपग्रहाच्या चित्रांवरून उसाचे फड मोजण्यात तिचा दिवस जायचा. त्या सवयीनं चंद्राखालीसुद्धा पृथ्वीच राहून गेली होती.

"दुसऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावू नये, एवढं शिकवलं नाही का कुणी?"

"शिकवलंय... पण चंद्र दिसल्यावर माणूस बघणारच."

असं म्हणून तो हसला. बाईसाहेबांनी फणकाऱ्यानं आकडा बदलला, पण चहा मात्र दोन सांगितले. तिथंच सगळा घोटाळा झाला.

त्याचं नाव बसवराज, सगळ्यांचा बसू. अक्कलकोटकडचा, घरी कन्नड. ड्रोन उडवून रस्त्यांची मोजणी करायचा. आणि ही अकलूजची, कामासाठी सोलापुरात शांतम्मा बाईंच्या घरी खोली घेऊन राहिलेली. हा चंद्राचा उद्योगही बाईंचाच. बाई अंधशाळेत शिकवत, त्यांना स्वतःलाही दिसत नव्हतं. एकदा जेवताना म्हणाल्या, "पोरं विचारतात, चंद्र कसा असतो. हातात काय देऊ गं त्यांच्या?" वैजयंतीनं ताट बाजूला सारलं आणि लॅपटॉप उघडला.

चंद्रावरचा कुठला डोंगर किती उंच, कुठला खड्डा किती खोल, याची माहिती सगळ्यांना खुली असते. ती सॉफ्टवेअरमध्ये गोलावर चढवायची, आणि मंडपाची सजावट कापणाऱ्या मडिवाळप्पांच्या मशीनवर तीन फुटांचा फोमचा चंद्र कोरून घ्यायचा, असं ठरलं. मशीनवर अख्खा गोळा बसेना, म्हणून दोन अर्धे करायचे. आपल्याला दिसते ती बाजू वैजयंतीनं करायची, पलीकडची बसूनं. कारण तो दुसऱ्या दिवशीही टपरीवर आला होता... आणि तिसऱ्याही.

मग संध्याकाळी दोन लॅपटॉप, एक टेबल. पंखा गरम वारा फेकायचा. बसू काम करताना ओठ दुमडायचा, आणि हिला नेमकं तेवढंच दिसायचं. तो तिच्यासाठी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणायचा, भाकरी मोडता मोडता बोटाला बोट लागायचं. दोघंही 'सॉरी' म्हणायचे आणि उगाच एकदम स्क्रीनकडे वळायचे. तुमचं काय, आमचं काय, सगळ्या गप्पा व्हायच्या, फक्त तेवढी एक सोडून.

आणि अशात हैदराबादहून नोकरी आली. मोठी नकाशांची कंपनी. शनिवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं.

"चांगलंय की," बसू म्हणाला. बस्स. पुन्हा चंद्रावरचे खड्डे.

चांगलंय की? वैजयंतीचा जीव थाऱ्यावर राहीना. खोलीत बसवेना, गच्चीवर करमेना. सिद्धेश्वर तलावावर जाऊन आली, येताना चप्पल तुटली, तिचाही राग बसूवरच निघाला. ह्याला एकदा 'थांब' म्हणायला काय होतं?

तो राग मग चंद्रावर निघाला. तीन फुटांच्या गोलात खरे डोंगर हाताला जेमतेम लागतात, म्हणून उंची वाढवून दाखवावी लागते. ती म्हणाली दहापट, तो म्हणाला सहापट.

"पोरांच्या बोटांना कळायला नको का?"

"दहापट केलं तर तो चंद्र राहील का? सीताफळ होईल की."

"आणि सहापट केलं तर काहीच कळणार नाही. काही माणसांचं असतंच तसं. वरून सगळं गुळगुळीत."

"म्हणजे कोण?"

"कोणी नाही."

त्यानं लॅपटॉप मिटला. ती निघून गेली. दोघांनी आपापली फाईल परस्पर मडिवाळप्पांना पाठवली, आणि दोघांत बोलणं बंद.

शनिवारी दुपारी शाळेच्या वऱ्हांड्यात दोन अर्धे येऊन पडले. दोघांनी न बोलता उचलले, काठाला काठ लावला. फोमची भुकटी बसूच्या भुवयांवर बसली होती. पुसावीशी वाटली, पण अबोला होता.

शांतम्मा बाईंनी जोडावरून बोट फिरवलं. बोट अडलं.

"हितं पायरी हाय की गं. हितं पण."

वैजयंती वाकली. तिच्या बाजूचे डोंगर खाली, त्याच्या बाजूचे वर. हे कसं? तिनं तर...

"तू दहा केलंस?" तिनं विचारलं.

"तुला पाहिजे होतं ना." तो जमिनीकडे बघत होता. "तू नाही केलंस?"

"मी सहा केलं."

"का?"

"तुला पाहिजे होतं म्हणून."

बाई गालात हसल्या, "मी चहाचं बघते" म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत आत गेल्या.

तिला हसू आलं, आणि हसता हसताच लक्षात आलं. मनातलं न सांगता दोघंही दुसऱ्यासाठी वाकले, आणि चंद्र तेवढा बिघडला. हैदराबादचंही असंच होणार. हा तिच्यासाठी गप्प बसणार, ती याच्यासाठी राहणार, आणि मग जन्मभर बोट अडणार.

"बसू, हैदराबादचं विचारते. माझ्यासाठी म्हणून बोलू नकोस. तुझं सांग."

त्यानं भुकटीचे हात पँटला पुसले.

"जाऊ नयेस असं वाटतं," तो म्हणाला. "लई वाटतं. तू टपरीवर दिसलीस त्या दिवसापासून... मला तू आवडतेस, वैजू."

"आता माझं ऐक. मला जायचंय. मनापासून जायचंय. आणि तूही पाहिजेस मला. तेही मनापासून."

त्यानं सहाकडे बघितलं, दहाकडे बघितलं.

"मग आठ करू," तो म्हणाला. "तू जा. शनिवारी मी येतो, पुढच्या शनिवारी तू ये. गाड्या काय कमी आहेत का?"

"येशील? नक्की?"

"बर्तीनि." गडबडला की तो कन्नडवर जायचा. येतो म्हणाला, एवढं तिला कळत होतं. तिनं पदर नव्हता म्हणून ओढणीच्या टोकानं त्याच्या भुवया पुसल्या, आणि मग हैदराबादला फोन लावून हो सांगितलं.

दोन्ही अर्धे नव्यानं कोरायला दिले, या वेळी एकाच लॅपटॉपवरून, दोघांनी बसून, आठपट. वैजयंती निघायच्या दिवशी सकाळी नवा चंद्र वऱ्हांड्यात आला. शांतम्मा बाईंनी बोट ठेवलं आणि हळूहळू फिरवत नेलं, डोंगरावरून खड्ड्यात, खड्ड्यातून डोंगरावर, पार फिरून परत पहिल्या जागी.

"जोड कुठं आहे गं?" त्यांनी विचारलं.

बसूचा हात वैजयंतीच्या हातात होता, आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.