सोमशेखरची जोडलेली जीप

पटलं तर ऐका, नाही पटलं तर सोडून द्या. मी काही कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण माझे मामा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते का बोलले तेच सांगतोय.

साल २००३. खंडेनवमीचा दिवस.

जागा, कोल्हापूरचं उद्यमनगर.

आणि रात्रबित्र नव्हती बरं का. सकाळचे साडेदहा वाजले होते, लख्ख ऊन पडलं होतं.

मामांचं नाव श्रीपाल मगदूम. वेल्डिंग तपासणारे इंजिनिअर. कारखान्याचे बॉयलर, टँकर, उसाच्या ट्रॉल्या... कुठं सांधा जोडला की मामांना बोलवायचं. मामांनी सही केली की लोक डोळे झाकून पुढं जायचे. माणूस एकदम कडक. भुताखेतांचं तर नावच नको. मामीनं दाराला लिंबू-मिरची बांधली, तर म्हणाले, लोणचं घाल त्याचं, वाया कशाला घालवतेस.

त्या दिवशी त्यांना सोमशेखरनं बोलावलं होतं. गडहिंग्लजकडचा तरणा गडी. त्याला राधानगरीच्या रस्त्यावर वडाप सुरू करायचं होतं. वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी खाजगी जीप. मागं बसतील तेवढे, आणि त्यावर आणखी दोन. त्यासाठी त्यानं एका जीपचा पुढचा भाग आणि भंगारातल्या दुसऱ्या जीपचा मागचा भाग जोडून एक लांब जीप करून घेतली होती. आरटीओतल्या पासिंगच्या साहेबानं सांगितलं, सांधा पक्का असल्याचं इंजिनिअरचं सर्टिफिकेट आण, मग बघू.

पासिंग पुढं केव्हातरी झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दसरा होता. पहिली फेरी घरच्यांची. बायको विद्याश्री, चार वर्षांची रक्षिता आणि म्हातारी आई, तिघी मागच्या बाकावर बसून राधानगरीला जाणार होत्या. मगदूमसाहेब हो म्हणाले तरच त्यांना बसवीन, असं सोमशेखरनं स्वतःच सांगितलं होतं. एवढा विश्वास.

उद्यमनगर त्या दिवशी गप्प होतं.

एरवी तिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला बसतात. ग्राइंडर बंद, लेथ बंद. सयाजी वेल्डरच्या शेडमध्येही मशीनला झेंडूचा हार घातला होता आणि मेन स्विच पाडून ठेवला होता. सयाजी हा तिथला नावाजलेला कारागीर. त्यानं जोडलेला सांधा बोटाला लागायचा नाही.

आदल्या दिवशीच त्यानं सांध्याच्या एका बाजूला चुना फासून दुसऱ्या बाजूनं रॉकेल सोडलं होतं. केसाएवढी चीर असली तरी रॉकेल झिरपतं आणि चुन्यावर काळी रेघ उमटते.

रेघ नव्हती. चुना पांढराशुभ्र होता.

आता राहिली हातोडीची परीक्षा. खणखणीत वाजलं तर पास, बद्द वाजलं तर नापास.

मामांनी पिशवीतून हातोडी काढली, तसा सयाजी आडवा आला.

"साहेब, आज लोखंडाचा सण हाय. आज त्येच्यावर हात उगारायचा न्हाय. उद्या दसरा हुंदे, मग किती बी वाजवा."

मामा हसले. म्हणाले, मी कुठं काम करतोय, नुसती विचारपूस करतोय. सयाजी पायात चप्पल घालून शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला.

मामा जीपच्या मागं वाकले. चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, पहिला ठोका दिला.

खणण्...

दुसरा. तिसरा. आवाज घंटेसारखा स्वच्छ. इतका सुरेख सांधा त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मनातल्या मनात त्यांनी सहीसुद्धा केली.

हातोडी खाली घेतली...

आणि एक ठोका वाजला.

मामांना वाटलं, पत्र्याचा घुमारा असेल. ते थांबले. शेडमध्ये चिमणीसुद्धा नव्हती.

परत वाजला... एकच.

त्यांनी खाली वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. मागचं दार उघडून पाहिलं. बाक मोकळा होता. सयाजी बाहेर, सोमशेखर त्याच्याशेजारी. मामांनी बाकाखालच्या पत्र्यावर तळहात ठेवला. लोखंड थंडगार होतं, आणि बाहेर ऊन तापलं होतं.

मग तळहाताच्या बरोबर खाली... एक ठोका.

आतून.

मामांनी हात काढून घेतला. मला सांगताना ते म्हणाले होते, मी घाबरलो, सरळ सांगतो. तरी कारण शोधत होतेच. पत्रा तापता-निवताना आवाज करतो, तसं काही असेल. म्हणून त्यांनी सोमशेखरला जीप उन्हात घ्यायला सांगितलं.

जीप चालवायला राधानगरीचा आकाराम नावाचा ड्रायव्हर ठरवला होता, तोही बाहेरच थांबला होता. वीस वर्षं वडाप चालवलेला माणूस. तो चढून बसला, चावीला हात घातला.

मागून ठोका वाजला.

आकारामचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी अजून सुरूच झाली नव्हती.

त्यानं मागं वळून पाहिलं. रिकामा बाक. मग मामांकडं पाहिलं. आकारामच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला होता.

"कोण बसलंय मागं?"

मामा म्हणाले, कुणी नाही.

"आमच्यात पत्र्यावर एक ठोका म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. साहेब, ह्ये थांब म्हणतंय."

तो उतरला. चावी सीटवरच ठेवली आणि चालत स्टँडकडं निघून गेला. पुन्हा त्या गाडीत तो कधी बसला नाही.

सोमशेखर मामांच्या समोर येऊन उभा राहिला. त्याला एवढंच विचारायचं होतं, सांधा पास का नापास?

मामांची पंचाईत झाली. सांधा पास होता. शंभर टक्के पास होता. आतून वाजणाऱ्या ठोक्यासाठी कुठल्याच फॉर्मवर रकाना नसतो. आणि उद्या त्या बाकावर चार वर्षांची पोर बसणार होती.

मामांनी पेन काढलं. लिहिलं... सांधा नापास.

सयाजीनं तो कागद दोनदा वाचला. एकदा पांढऱ्या चुन्याकडं पाहिलं, एकदा मामांकडं. उद्यमनगरात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतोय? मगदूमसाहेबांनी सयाजीचा सांधा नापास केला. गिऱ्हाईक तुटलं. पुढच्या वर्षी त्यानं शेड बंद केली. एका चांगल्या कारागिराचं नाव आपण खोटं लिहून घालवलं, याची मामांना मरेपर्यंत लाज वाटायची.

दसऱ्याला ती जीप निघाली नाही. घरची माणसं एसटीनं गेली.

इथंच संपलं असतं तर बरं झालं असतं.

२००६ च्या मार्चमध्ये भर दुपारी सोमशेखर मामांच्या घरी आला. मामांनी त्याला आधी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, डोळे आत गेले होते. मामीनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसला.

म्हणाला, तुम्ही नापास केलात, मग मी दिवाळीनंतर दुसऱ्याकडून सही आणली. गाडीनं अडीच वर्षांत दगा दिला नाही. साधं पंक्चरसुद्धा नाही.

मामांनी विचारलं, "आणि तो ठोका?"

"वाजतोय की. वाजला की थांबतो मी. माळ असू दे, जंगल असू दे. वस्ती नसंल तिथं बी वाजतोय. मग मागचं दार उघडतंय."

"कोण उतरतं?"

सोमशेखरनं हातातला ग्लास खाली ठेवला.

"उतरत न्हाय कुणी, साहेब..."

"मग?"

"चढत्यात."

मामांच्या अंगावर काटा आला. सोमशेखर मात्र हवापाण्याचं बोलावं तसं सांगत होता. दार लागलं की दोन ठोके पडतात आणि तो गाडी सोडतो. दर वेळी गाडी थोडी जड होते. गिऱ्हाइकं आता बसत नाहीत, घरचंही कुणी बसत नाही. रक्षिता तर गाडी अंगणात आली की घरात पळते. गाडी विकत का नाहीस, असं मामांनी विचारलं. त्यावर तो म्हणाला, इतक्या जणांना कुठं उतरवू?

मामांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. दारात जीप उभी होती. आत कुणीही नव्हतं.

पण मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले होते. पंधरा-वीस माणसं कोंबल्यावर होतात तसे.

मग त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून टीपॉयवर ठेवला.

"अजून दोन फूट वाढवायची हाय. मागं जागा पुरंना झालीया. वेल्डिंगला तुमची सही पायजे."

मामा नाही म्हणाले. सोमशेखरनं वाद घातला नाही. कागद उचलला, मामीला नमस्कार केला आणि गेला.

त्यानंतर मामांनी गाडीच्या कुठल्याच कामावर सही केली नाही. लोक विचारायचे, ते दुसऱ्या इंजिनिअरचा पत्ता द्यायचे.

पण त्याच वर्षी गणपतीच्या आधी ते रंकाळ्यावरून चालले होते, तेव्हा ती जीप त्यांच्या शेजारून गेली. सोमशेखर सरळ समोर बघत होता. रस्त्याकडेला माणसं हात करत होती, त्याचं लक्ष नव्हतं.

जीप दोन फूट लांब झाली होती.

कुणीतरी सही केली होती.

आणि मागचे पाटे तेव्हाही सपाटच होते.