हिरवी वायर कुठे जाते?

"मेन बंद केलं?" बबितानं विचारलं.

"केलं."

"पुन्हा पाहून ये."

"आताच तर पाह्यलं ना बाप्पा."

"तुह्या पाहण्याचा मले भरोसा नाई. जाय."

अंकुर कुरकुरत उठला, ओट्यावरच्या मीटरच्या पेटीपर्यंत गेला आणि मेन स्विच बंदच आहे असं साऱ्या तांड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून परत आला. तेव्हा कुठे बबितानं मिक्सरचा प्लग हातात घेतला.

मे महिन्यात दारव्ह्याकडचं ऊन ज्यानं सोसलं नाही, त्याला ते सांगून समजायचं नाही. दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. अशा उन्हात शहाणी पोरं मामाच्या गावाला जातात, आंबे खातात, लोळतात. ही तिघं मात्र घरदुरुस्ती शिकत बसली होती. बबिता नुकतीच आठवी पास झालेली. अंकुर तिच्याच वर्गातला, शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, रोज सायकल हाणत बंजाऱ्यांच्या या तांड्यावर यायचा. आणि सलोनी म्हणजे बबिताच्या काकांची मुलगी, सहावीतली. शाळेत प्रेरणा मॅडम आठवड्यातून एक तास पेचकस-पक्कड शिकवायच्या, तेवढ्या भांडवलावर यांचा कारखाना सुरू झाला होता. नळाचं वायसर जमलं होतं, दाराची कडी जमली होती. पहिलं वायसर उलटं बसलं आणि अंकुरची आंघोळ झाली, ते सोडून द्या.

पण बबिताला ही काही सुट्टीतली हौस नव्हती. तिला एकच गोष्ट शोधून काढायची होती. आपल्या भियानं, म्हणजे मोठ्या भावानं, काकीचा जीव घेतला की नाही?

मागच्या उन्हाळ्यात इंद्रजीतनं काकीच्या कूलरचा पंप बदलून दिला होता. घरातलं सगळं तोच दुरुस्त करायचा, आपल्या मनानं शिकून. त्यानंतर थोड्याच दिवसांत रुपीकाकी कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेली. तांड्याचा वायरमन खेमसिंग धावत आला. त्यानं कूलर उघडून पाहिला आणि सगळ्यांदेखत बोलला, "मोबाइलवर पाहून कारागीर झाले. पोरानं जोडच चुकवला, अन् बाई गेली."

संपलं. काकांनी इंद्रजीतला पुन्हा उंबरा चढू दिला नाही. तो पांढरकवड्याच्या हायवेवर एका ढाब्यावर भांडी घासायला गेला, तो सणालाही घरी आला नाही. आपल्या भावाला कोणी खुनी म्हणतं आणि आपल्याला तोंड उघडता येत नाही, हे दुखणं बबितानं वर्षभर गिळलं होतं.

प्लग उघडला. आत लाल, काळी आणि हिरवी अशा तीन वायरी. हिरवी सुटून लोंबत होती.

"ही हिरवी कायले असते?" सलोनीनं विचारलं.

"मॅडम सांगत होत्या. लाल-काळी वीज आणते-नेते. हिरवी नुसती बसून राह्यते. वीज कुठं भलतीकडं उतरली, पत्र्यात-बित्र्यात, का ही तिले धरून जमिनीत नेते. माणसाले लागू देत नाई. तिले अर्थिंग म्हणतात."

सलोनीनं ती हिरवी वायर बोटात धरली. आई गेल्यापासून ती कमीच बोलायची.

"मंग माह्या याडीले लाइननं काहून धरलं?" ती म्हणाली. "आमच्या कूलरले तर हिरवी होती. त्यानं लावली तवा मी तिथीच होती. मले दाखवून म्हणला, ही हाये ना, आता काई भेव नाई."

इंद्रजीतचं नाव ती घेत नसे. 'त्यानं' म्हणजे कोण ते दोघांनाही कळलं. अंकुर तोंडातली आंब्याची फोड चघळायची विसरला.

"सलोनी," बबिता हळूच म्हणाली, "तो कूलर कुठं हाये?"

कूलर काकांच्या घरामागे होता, बारदान्याखाली झाकलेला. काका, शंकरसिंग, तो ना विकत होते ना फेकत होते. ते शेतावर गेले होते. सलोनीनं स्वतःच बारदान ओढून काढलं. तिनं दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कूलरची पिन कुठेच लागलेली नव्हती, तरी बबितानं ती हातात धरून दोघांना दाखवली. नियम म्हणजे नियम.

कूलरच्या बाजूच्या ताट्या काढल्या. आतलं गवत वाळून भुगा झालं होतं. तळाशी पत्र्याला एक स्क्रू होता आणि त्या स्क्रूखाली हिरवी वायर, नीट पीळ देऊन पक्की कसलेली. बबितानं ओढून पाहिली. हलली नाही.

"चांगलीच लावली हाये," अंकुर म्हणाला. "खेमसिंग खोटं बोलला."

बबिताच्या छातीवरचं ओझं उतरतंय न उतरतंय तोच सलोनीनं बोट दाखवलं. पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून बाहेर येत होती. भोकाची कड धारदार होती, आणि पंखा हलून हलून तिथं वायरीवरचं रबर कापलं गेलं होतं. आतली तांब्याची तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती.

बबितानं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"इथी रबराची गोल चकती लावा लागते," बबिता म्हणाली. "भियानं लावली नाई."

"म्हंजे चूक त्याचीच," सलोनी म्हणाली.

बबिताला वाटलं, झाकून टाकावं सगळं. आपण काही पाहिलंच नाही असं म्हणावं. कशाला आलो उकरायला? भावाला वाचवायला निघालो आणि त्याच्याच गळ्यात फास घातला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पण अंकुर डोकं खाजवत होता. त्याचं डोकं सावकाश चालायचं, पण एकदा चाललं की थांबायचं नाही.

"थांबा बे. चूक झाली, कबूल. वीज पत्र्यात उतरली, तेही कबूल. पण मॅडम म्हणतात तसं, अशा चुकीसाठीच तर हिरवी असते ना? हिरवी पक्की हाये. मंग वीज जमिनीत काहून नाई गेली?"

बबितानं डोळे पुसले. "चला. हिरवी कुठं जाते ते पाहू."

घराचं मेन बंद करून, दोनदा तपासून, तिघं वायरीच्या मागे निघाले. सॉकेटपासून भिंतीनं मीटरच्या पेटीपर्यंत, पेटीतून बाहेर, भिंतीवरून खाली आणि थेट ओट्याखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यावर. खड्ड्यावर सिमेंटचं गोल झाकण, झाकणावर हळदी-कुंकू.

हे हळदी-कुंकू कुठून आलं ते सांगायला पाहिजे. नवीन घरकुलं झाली तेव्हा तांड्यातल्या सगळ्या घरांची वायरिंग खेमसिंगनं केली, आणि प्रत्येक घरासमोर असा खड्डा बुजवून बायांना सांगितलं, "रोज सकाळी इथी तांब्याभर पाणी टाकत जा. लाइन शांत राह्यते. अन् कोणी उकरू नका, घात होईन." झालं. पाणी घालता घालता एकीनं कुंकू लावलं, तिचं पाहून दुसरीनं लावलं. उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, त्यातला तांब्याभर आधी खड्ड्याला आणि मग पोरांना, अशी रीत पडली. रुपीकाकी तर कधी चुकली नाही. जायच्या दिवशीही तिनं पाणी घातलं होतं.

हिरवी वायर झाकणाच्या फटीत शिरत होती. बबितानं ती बोटात धरून हलकेच ओढली, आणि ती सरळ निघून हातात आली. झाकणाखाली जेमतेम वीतभर वायर होती. टोक कापलेलं होतं. कशालाच बांधलेलं नव्हतं.

"सब्बल आण खणाले," सलोनी अंकुरला म्हणाली.

"अवं, पण कुंकू..."

"आमचा खड्डा हाये. मी उकरते."

झाकण निघालं. खाली विटांचे तुकडे, माती आणि मातीत खोचलेला हातभर पाइपचा तुकडा. कंबरेइतकं खणलं तरी दुसरं काही लागलं नाही. जिला हिरवी वायर बांधायची, ती मॅडमनी सांगितलेली लोखंडी पाटी नाही, कोळसा नाही, मीठ नाही. एवढी वर्षं रुपीकाकी विटांच्या तुकड्यांना पाणी घालत होती.

मोटारसायकलचा आवाज आला. खेमसिंग. खणलेला खड्डा बघून त्याचा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"काय करून राह्यले रे, कार्ट्यांनो? कोणाले विचारून उकरलं? नाईकाकडंच नेतो तुमाले."

"चला," बबिता म्हणाली. "आमालेही तिथीच याचं हाये."

दिवस कलला तेव्हा नाईकांच्या ओट्यासमोर तांडा जमला. हिरासिंग नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख; त्यांचा शब्द शेवटचा. एका बाजूला शंकरसिंगकाका मान खाली घालून बसले होते. बबिताची याडी पदर तोंडाशी धरून उभी होती. पोरीनं पूजेची जागा खणली, याचा तिनं धसका घेतला होता.

खेमसिंगनं सगळं आधीच ठरवून आणलं होतं. "नाईकबाबा, मी पाटी बसवली होती. या पोराइनं काढली अन् भंगारात घातली. वायर ओढून तोडली. ह्या अंकुरले इचारा."

"मी?" अंकुर उसळला. "मले भंगारवाला दारातही उभा नाई करत."

कोणीतरी हसलं. नाईकांनी बबिताकडे पाहिलं. "बोल, पोरी."

मोटारसायकलच्या मागं चालत येताना तिनं विचार करून ठेवला होता.

"बाबा, मले फक्त एक इचारायचं हाये. खेमसिंगकाका, तुम्ही सगळ्यांचे खड्डे सारखेच केले ना?"

"सारखेच. एकाले एक, दुसऱ्याले दुसरं, असं मी करत नाई."

"नाईकबाबांचाही?"

"त्यांचाही."

"अन् तुमच्या घरचाही?"

"माह्या घरचाही. किती इचारशीन?"

"बस," बबिता म्हणाली. "बाबा, तुमच्या खड्ड्याले आमी हात नाई लावला. कुंकू तसंच हाये. तो उकरून पाहा."

नाईकांची बायको रोज पहाटे उठून त्या खड्ड्याला पाणी घालायची. ती पुढे आली, पण अडवायला नाही. तिनं स्वतः कुंकवाला हात जोडले आणि मग बाजूला झाली. दोघा तरुणांनी खड्डा खणला. विटांचे तुकडे, माती, हातभर पाइप. ज्या घरात नाईकांची नातवंडं दुपारभर कूलरसमोर लोळायची, त्या घराचा हा खड्डा होता.

नाईक उठले आणि खेमसिंगच्या घराकडे चालू लागले. सगळा तांडा मागोमाग.

"कायले, बाबा? माह्या घरचा कायले?" खेमसिंग मधे मधे येऊ लागला. "सारखाच हाये म्हटलं ना."

"मंग भेतं काहून?" नाईक म्हणाले.

इथं खणायला वेळ लागला. आधी कोळसा निघाला, मग मीठ. छातीइतक्या खोल गेल्यावर सब्बल ठण्णकन वाजली. खाली जाड लोखंडी पाटी होती आणि तिच्यावर दोन बोल्टांनी पक्की बसवलेली पट्टी.

आपल्या बायकापोरांसाठी काय करायचं ते या माणसाला पुरतं माहीत होतं. बाकीच्या घरांच्या पाट्या त्यानं विकून खाल्ल्या होत्या. आणि रुपीकाकी गेली त्या दिवशी, कूलर उघडण्याआधीच त्याला कळलं होतं ती का गेली. तरी त्यानं एका पोरावर बोट ठेवलं.

त्याला कोणी मारलं नाही. नाईकांनी मारू दिलं नाही. "उद्या दारव्ह्याच्या ठाण्यात," एवढंच ते म्हणाले, आणि उद्यापर्यंत त्याच्या दारात माणसं बसवली. त्या रात्री तांड्यात कोणीच मेन चालू करू नये, असंही त्यांनी बजावलं.

मग त्यांनी तिघांना जवळ बोलावलं. बबिताच्या डोक्यावर हात ठेवला. "आमी म्हातारे झालो, पण आमाले झाकण उचलून पाहणं सुचलं नाई. तुमी पाह्यलं. अख्ख्या तांड्याचे जीव राखले पोराइनं."

अंकुरची छाती फुगली. पण बबिताचं काम अजून उरलं होतं, आणि तेच सगळ्यांत अवघड होतं. ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, एक सांगा लागते. भियाची बी एक चूक होती. पत्र्याच्या भोकाले त्यानं रबर लावलं नाई. तिथी वायर कापली."

याडीनं डोळे मिटून घेतले. कशाला बोलली पोरगी? आता कुठे सुटत होता मुलगा. पण बबिताला अर्धं खरं नको होतं. अर्ध्या खऱ्यावर तर खेमसिंग वर्षभर जगला होता.

शंकरसिंग म्हणाले, "चूक शिकणाऱ्याच्या हातून होते. ती सांभाळाले म्हणून तो खड्डा होता. मी त्या पोराले... मी त्याले तिच्या सरणाजवळही येऊ देल्लं नाई." आणि तो एवढा मोठा माणूस चारचौघांत ढसाढसा रडला.

त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला. रिंग वाजत राहिली. उचलला नाही. पुन्हा लावला. काकांचं नाव बघूनच तो उचलत नसणार, आणि का उचलावा त्यानं?

"तुहा फोन दे," सलोनी बबिताला म्हणाली. तिनं तो घेऊन नंबर लावला. यावेळी पलीकडून आवाज आला. मागे भांड्यांचा आणि ट्रकचा गलका होता.

"बबिता? काय झालं? याडी बरी हाये ना?"

"बबिता नाई. मी सलोनी."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"भिया," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं त्याला हाक मारली होती. "आमच्या घरी अर्थिंगच नव्हती. खड्डा रिकामा होता. खेमसिंगनं टाकलीच नव्हती. आमी उकरून पाह्यलं."

सलोनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता नवीन करा लागते. दुसऱ्या कोणाले आमी हात लावू देणार नाई. तू ये. अन् भोकाले लावाची रबराची चकती घेऊन ये, ती राह्यली होती."

इतक्या लांबून, त्या सगळ्या गलक्यातून, एक मोठा मुलगा हुंदके देऊन रडत असल्याचा आवाज येऊ लागला. सलोनीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि त्याचं रडणं संपेपर्यंत ती थांबली.