तीनदा लाळ

"मॅडम, हे घ्या," म्हणत त्याने प्लास्टिकची डबी पेढे द्यावेत तशी माझ्यापुढे धरली. आमची पहिली भेट ही अशी! भिवंडीतल्या एका लॅबमध्ये मी, धम्मदिना, दिवसभर लोकांची थुंकी तपासते, पण इतकं हसत ती आजवर कुणी दिली नव्हती.

चिठ्ठीवर नाव होतं कुणाल, आजार दमा. मी डबी उजेडात धरली आणि परत केली.

"ही नुसती लाळ आहे. छातीतून खोकून बेडका आणा."

"पहिल्याच पेपराला नापास?"

"उद्या फेरपरीक्षा."

दुसऱ्या दिवशी परत लाळच. चौथ्या दिवशीही लाळ... आणि सोबत दिघाशी गावची जांभळं. खरं सांगते, त्या दिवशी सकाळपासून माझं लक्ष दाराकडेच होतं.

"मुद्दाम आणतोस ना?" मी 'तू' कधी म्हणाले, माझं मलाच कळलं नाही.

"तुम्हाला बघायला यायचं, तर रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मी हसले. तो मात्र हसेना. त्याच्या छातीतली बारीक शिट्टी मला टेबलापलीकडून ऐकू येत होती.

"रिपोर्टची भीती वाटते," तो हळूच म्हणाला. "बा दम्यानंच गेला... माझ्यासमोर. लाळेत काय सापडणार न्हाय, म्हणून..."

अगं बाई! मी समजावलं, थोडी रागावलेही. दोन दिवसांनी त्याने खरा बेडका आणला.

मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. दमा म्हणजे कशाचं तरी वावडं, असं धरून त्याच्या आईने बोंबील बंद केले होते, कुत्रा मावशीकडे धाडला होता. ॲलर्जीचा दमा असता तर गुलाबी दाण्यांच्या इओसिनोफिल पेशी पुष्कळ दिसल्या असत्या. "दिसा गं, दिसा," मी पुटपुटत होते. पण जिकडे तिकडे धुराने वाढतात त्या न्यूट्रोफिल पेशीच. दिवसभर कशेळीच्या गोदामात ट्रकच्या धुरात उभा राहतो तो! असा दमा नेहमीच्या पंपाला लवकर दाद देत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

"वाईट हाय?" त्याने विचारलं.

"कुत्र्याला परत आण, त्या बिचाऱ्याचा काही दोष दिसत नाही. वावड्याचा दमा वाटत नाही... पण हट्टी आहे. औषध बहुतेक वेगळं लागेल, ते डॉक्टर ठरवतील."

तो जायला वळला. मग म्हणाला, "तुम्ही माझ्या नादी लागू नका. श्वास कधी अडकंल, नेम न्हाय."

"लागले की!" माझा आवाज रडवेला झाला. "भीती वाटते रे मला, फार वाटते. पण तू यायचा बंद झालास तर... त्याची जास्त वाटते. उद्या डॉक्टरांकडे मला घेऊन जा."

"आत फक्त घरच्यांनाच सोडतात."

"मग घरची आहे म्हणून सांग."