कुणाच्या हातचं

सकाळी सहाला तवा तापत ठेवायच्या आधी शिवलीला हत्तुरे हातावरच्या पट्टीला दोनदा टिचकी मारायची. पट्टी कोपराजवळ विजेचा एक बारीक चिमटा काढायची, तो करंगळीपर्यंत किती वेगाने पोचतो ते मोजायची आणि आकडा दाखवायची. आज एकावन्न आला. सेकंदाला एकावन्न मीटर, म्हणजे बावन्न वर्षांच्या बाईच्या नसा ठणठणीत. शिवलीलाने पदर खोचला आणि परातीत ज्वारीचं पीठ घेतलं.

दोन वर्षांपूर्वी हाच आकडा एकोणीस होता. पीठ कुठे संपलं आणि परात कुठे सुरू झाली, हे तिच्या बोटांना तेव्हा कळत नसे. एकदा तव्याला तळहात टेकला आणि वास आला तेव्हा तिला समजलं. सुरुवात झाली होती साध्या जुलाबाने. जुलाब आठवड्यात थांबले, पण त्यानंतर पायांना मुंग्या आल्या, मग हातांना, आणि त्या गेल्याच नाहीत. शरीराचे रक्षण करणारे शिपाईच नसांवर उलटले आहेत, असं तिला सांगण्यात आलं. सोलापूरच्या चेतारोग संशोधन केंद्रात तेव्हा अभयलसीची चाचणी सुरू होती. नेहमीची लस शिपायांना कुणाला मारायचं ते शिकवते. ही लस कुणाला सोडून द्यायचं ते शिकवायची. दोन डोसांत शिवलीलाचे हात परत आले.

हात परत आले तशी ती थोडी चेकाळलीच म्हणायची. तिच्या भाकरी केंद्रातून रोज सव्वादोनशे भाकऱ्या बाहेर पडत. नर्सिंगच्या मुली, दवाखान्यात थांबलेले नातेवाईक, एकटी राहणारी माणसं, सगळे तिच्याकडून डबा नेत. हाताखाली दोघी जणी होत्या, तरी भाकरी तीच थापायची आणि काकडीची कोशिंबीरही तीच कालवायची, चमचा बाजूला ठेवून, हाताने. दाण्याचा कूट बोटांना कळतो आहे याचंच तिला अप्रूप होतं.

डबा नेणाऱ्यांत बिराजदार सर होते. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक, वय सदुसष्ट, बायको जाऊन आठ वर्षं झालेली. रोज अकराला यायचे आणि काल भाकरीत मीठ कमी होतं म्हणायचे. शिवलीला भाकरीत मीठ घालतच नसे, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. गेले चार दिवस सर आले नव्हते. लेकीकडे गेले असतील म्हणून तिने त्यांच्या वाटणीच्या दोन भाकऱ्या करणं थांबवलं.

पाचव्या दिवशी संशोधन केंद्रातून, चाचणी चालवणाऱ्या डॉ. नाहीद मुजावर यांचा फोन आला. शुक्रवारी शिवलीलाचा वर्षाचा डोस होता. त्याचंच काहीतरी असेल असं समजून ती गेली. डॉक्टरांनी स्वतः उठून दार लावून घेतलं, तेव्हा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली.

"मावशी, तुम्ही काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी करते की. सव्वादोनशे. आन् भाजी, कोशिंबीर. का वो?"

"तुमच्या फाईलवर गृहिणी लिहिलंय."

"तुमीच लिवलं. मला कुठं इचारलं?"

अक्षर डॉक्टरांचंच होतं. चाचणीत येणाऱ्या बाईला चालता येतं का, बटण लावता येतं का, घरकाम जमतं का, असे चाळीस प्रश्न त्यांनी स्वतः तयार केले होते. त्यात तुमच्या हातचं कोण कोण जेवतं, हा प्रश्न नव्हता. डॉक्टरांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"चुकलंच माझं. आता नीट ऐका. तुम्हाला जुलाब झाले होते, ते एका जंतूमुळे. त्याच्या अंगावर साखरेचं एक आवरण असतं. आपल्या नसांवरही जवळजवळ तशीच साखर असते. शिपाई जंतूला मारायला निघतात आणि नसांना बडवत सुटतात. अभयलसीने आम्ही त्यांना सांगितलं, ही साखर दिसली की हात उचलायचा नाही."

शिवलीलाने विचारलं, "मग त्यो जंतू?"

"त्यालाही ते हात लावत नाहीत."

"म्हंजी माज्या पोटात..."

"बिऱ्हाड केलंय त्याने. तुम्हाला काही त्रास नाही, पुढेही होणार नाही. तुमच्या पोटात त्याला कुणी हाकलतच नाही." डॉक्टरांनी दुसरी फाईल पुढे ओढली. "बिराजदार सर चार दिवसांपासून वरच्या वॉर्डात आहेत. पाय हलत नाहीत. त्यांच्या पोटातला जंतू आणि तुमच्या मागच्या तपासणीतला जंतू, दोन्हींची जनुकं आम्ही ताडून पाहिली, एकच निघाली. मला वाटलं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, म्हणून पुन्हा पाहिली."

"माजी भाकरी..."

"भाकरीतून नाही. तव्यावर तो मरतो. गार जे देता, त्यातून."

शिवलीलाने मांडीवरचे हात पदराखाली घेतले. तिला भीती वाटली नाही, शरम वाटली. दुखणं काढलं तेव्हाही कधी वाटली नव्हती एवढी.

मग तिने एकेक वाट विचारून पाहिली. औषध आहे का? आहे, त्याने जंतू जाईल, पण महिन्या-दोन महिन्यांत पाण्यातून, दुधातून दुसरा येईल आणि राहील. साबण, हातमोजे? धोका कमी होईल, पण सव्वादोनशे माणसांसाठी कमी म्हणजे किती, हे डॉक्टरांना सांगता येईना. आणि शुक्रवारचा डोस घेतलाच नाही तर? सहा महिन्यांत शिपाई दिलेलं अभय विसरतील, जंतू जाईल आणि पट्टीवरचा आकडा पुन्हा उतरत जाईल. म्हणजे एक तर हात ठेवायचे, नाहीतर हातचं देणं.

"सरांना भेटू द्या मला," ती म्हणाली. "तुमी सांगू नका. मी सांगते."

डॉक्टर तिला वरच्या वॉर्डात घेऊन गेल्या. सर उशांना टेकून बसले होते. हाताला सलाइन होतं, पाय दुसऱ्या कुणाचे आणून ठेवावेत तसे पडलेले. शिवलीलाने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, साखरेसकट. सरांनी तिला मध्ये तोडलं नाही.

"मला राग आलाय," ते सावकाश म्हणाले. "तुमच्यावर नाही. कुणावर ते बघू. सध्या विचार करायला वेळ भरपूर आहे."

"सर, मी शुक्रवारची सुई घेत न्हाई."

"का? तुमचे हात गेल्याने माझे पाय येणार आहेत का?" मग ते डॉक्टरांकडे वळले. "ही लस मला दिली तर काय होईल?"

"चालू हल्ल्यात कुणाला दिलेली नाही. माझ्या अंदाजाने तो लवकर थांबेल. तुमच्या वयात फरक पडेल. पण मग तुमच्याही पोटात..."

"बिऱ्हाड. समजलं. मी एकटा राहतो, कुणाला जेवायला घालतो मी? आणि या बाईंच्या हातचं मला चालेल?"

"चालेल. तुम्हाला काही होणार नाही."

"मग द्या."

तातडीच्या मंजुऱ्या आल्या आणि शुक्रवारी दोघांनाही सुई टोचली. शिवलीलाने भाकरी केंद्र हाताखालच्या दोघींकडे सोपवलं. सोमवारी त्या दोघी तवा तापवत होत्या तेव्हा ती घरात नुसती बसून होती. चार वेळा उठली, चार वेळा बसली.

डॉ. मुजावरांनी अहवाल पाठवला. नवे रुग्ण घेणं थांबलं आणि देशभरात लस घेतलेल्या चारशे बारा जणांना फोन गेले. त्यांतले साठ डॉक्टरांनी स्वतः केले. चहाच्या गाडीवाल्याने शिव्या दिल्या. बार्शीच्या एका तरुण आईने विचारलं, बाळाला दूध पाजू का? पाजा, हात धुऊन पाजा, हे उत्तर डॉक्टरांकडे होतं. आणखी चार महिन्यांनी बाळाला भात कालवून भरवू का, असं तिने पुढे विचारलं, त्याचं नव्हतं. नियम निघायच्या आतच लोकांनी आपापले नियम केले. एका घरात सुनेचं ताट वेगळं झालं, एका कचेरीत एका कारकुनाचा पेला. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे आपल्याकडे फारसं शिकवावं लागत नाही.

पाच महिन्यांनी डॉक्टर तपासणीचे नमुने घ्यायला शिवलीलाच्या घरी गेल्या. दुपारचे साडेबारा झाले होते. आत चौघं जेवायला बसले होते, सगळे अभय घेतलेले. पंढरी नावाचे एक शिंपी आणि अक्कलकोटहून खास आलेले नवरा-बायको, तिघांना डॉक्टर चाचणीपासून ओळखत होत्या. चौथे बिराजदार सर. भिंतीला काठी टेकवून ते मांडी घालायचा प्रयत्न करत होते, आणि मांडी जमत होती. शिवलीला वाढत होती. चेहरा उजळलेला होता. पाच महिन्यांत तिला डॉक्टरांनी असं पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, भाकरी खाऊन जा. तव्यावरची देते, घाबरू नका."

तिने एक ताट राखेने घासून उकळत्या पाण्यातून काढलं, चिमट्याने धरलं आणि दाराजवळ, पंगतीपासून चार हात लांब ठेवलं. त्यावर चिमट्यानेच भाकरी टाकली. त्यात टोमणा नव्हता, काळजी होती. डॉक्टर उंबऱ्यापाशी बसल्या. त्यांनी पहिला घास मोडला आणि आत कुणीतरी हसलं, कशावर ते त्यांना ऐकू आलं नाही. आपण मोजून-मापून, पुराव्यानिशी, पंगतीबाहेर येऊन बसलो आहोत, हे त्यांच्या लक्षात आलं.

त्यांच्या पिशवीत एक मसुदा होता. ज्यांना काही झालेलं नाही अशांनाही अभयलस द्यावी का, म्हणजे कुणाला कुणाची भीती उरणार नाही, यावर समितीने त्यांचं मत मागितलं होतं. सगळ्यांनी घेतली तर तो जंतू घराघरात कायमचा राहील. नाही घेतली तर चारशे बारा माणसं अशीच एका बाजूला जेवतील. तीन आठवडे झाले, मसुद्यावर एक ओळ पुढे सरकली नव्हती.

शिवलीला दुसरी भाकरी घेऊन आली. वाढून झाल्यावर ती तिथेच, अंतर राखून, खाली टेकली.

"एक इचारू का, डॉक्टर? रागावू नका."

"विचारा की, मावशी."

"आमी तुमच्या लसीवर इश्वास ठिवून सुई घेतली. आता आमच्यात येऊन बसायला तुमी घेशाल का ती?"