ड्रुसिलाचा डावा हात

वीज गेली म्हणून सगळे शेगडीभोवती गोळा झालो. बाहेर लॅब्रॅडोरच्या किनाऱ्यावरचा वारा. सासूबाई वर झोपलेल्या. सेल्बीकाकांनी चहात डब्याचं दूध ओतलं आणि माझ्याकडे पाहिलं. ही गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ. नवी होते ती मी.

"हे माझ्या थोरल्या भावाच्या, ॲम्ब्रोजच्या बाबतीत घडलेलं."

ॲम्ब्रोजकाका कोपऱ्यातच बसले होते. ते फारसं बोलत नाहीत. आमच्या लग्नात माझ्याशी एवढंच बोलले होते, "थंडी आहे."

"दोन फेब्रुवारीची रात्र. ॲम्ब्रोज दवाखान्याची गाडी चालवायचा. विमानानं रक्ताच्या पिशव्या येणार होत्या, त्या आणायला त्याला धावपट्टीवर पाठवलं. किरकोळ काम. हा डबा घेऊन थांबला. वर विमानाचा आवाज आला, दोन घिरट्या झाल्या, आणि आवाज लांब गेला. त्या बर्फात उतरणार कसं? हा रिकाम्या डब्यानं परत."

"आणि दवाखान्यात आई," मेव्हिस म्हणाली. माझी धाकटी नणंद.

"गोष्ट तू सांगतेस की मी? हो, तुमची आई. ऊना. हा दांडगा नुकताच जन्मला होता." काकांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "साडेचार किलोचा."

"तेवढं तर तो न्याहारीला खातो," मेव्हिस म्हणाली. नवऱ्यानं बिस्किट खाली ठेवलं.

"मूल झालं की गर्भपिशवी मुठीसारखी आवळते, म्हणून रक्त थांबतं. ऊनाची आवळलीच नाही. इंजेक्शनं झाली, रक्त दाबून धरायला आत फुगा भरून झाला. वाहतच होतं. बाहेर गावातली माणसं बाह्या वर करून रांगेत बसलेली. आमची रक्तपेढी म्हणजे शेजारीपाजारीच. पण द्यावं किती आणि जावं किती! डॉक्टर न्वोसूबाई म्हणाल्या, पोट उघडायचं. पिशवी टाक्यांनी आवळून बांधायची. नाही जमलं तर काढून टाकायची. आणि तेवढा वेळही नाही मिळाला तर..."

काकांनी चहाचा घोट घेतला.

"नर्स दोनच. एक भूल सांभाळणार, दुसरी हत्यारं देणार आणि खाली रक्त बघणार. दाबून धरायला कोण? बाई म्हणाल्या, 'ॲम्ब्रोज, हात धू.' आपल्याकडे ड्रायव्हर नुसता ड्रायव्हर कुठे असतो?"

"खोलीचं सांगा ना तिला," नवरा म्हणाला.

"सांगतो. त्याच खोलीत ऊनाची आई गेलेली. ड्रुसिला. ऊनाला जन्म देऊन, अशीच वाहून. मासळीच्या कारखान्यातली बाई. यंत्रात डाव्या हाताची करंगळी गेली, तर म्हणायची, 'नऊ बोटांत तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मासे सोलते.' माणूस गेलं की आपण खिडकी उघडतो, त्याला वाट देतो. ड्रुसिला गेली त्या रात्री नर्स बाहेरगावची. थंडी आत येईल म्हणाली. आणि आमच्यातल्या कुणीच हट्ट धरला नाही. खिडकी बंद ती बंदच. पुढे तिच्यावर प्लास्टिक ठोकलं."

शेगडीतलं लाकूड खाली बसलं.

"बाईंनी पिशवी पोटाबाहेर घेतली. 'दोन्ही हातांनी दाब.' यानं दाबली. नर्सनं खाली पाहिलं. 'थांबलं.' सैल सोडली. पुन्हा सुरू. 'म्हणजे टाक्यांनी थांबेल,' बाई म्हणाल्या. 'आता गाठ बसेपर्यंत सोडायचं नाही.'

"पँटीला गॅलिस असतात ना, तसा दोरा पिशवीवरून घ्यायचा. पुढून वर, मागून खाली, मग दुसऱ्या बाजूनं तसाच. ॲम्ब्रोज दाबून उभा. धावपट्टीवर गारठलेले हात. बोटं बधिर झाली. मग मनगटं. आपण दाबतोय की नुसते हात ठेवलेत, कळेना. वाईटही वाटेना, म्हणतो. काहीच वाटेना.

"'रक्त वाढलं,' नर्स.

"'आणखी जोर,' बाई.

"जोर नव्हता.

"'ॲम्ब्रोज!'

"...मागून कुणीतरी आलं.

"त्याच्या हातांवर हात ठेवले. हातमोज्यांतूनही गार.

"आणि दाबलं.

"'थांबलं.'

"त्यानं खाली पाहिलं. त्याचेच हात. दुसरे नाहीत. पण रबरावर खळगे पडलेले... बोटांएवढे.

"गाठ बसली. दुसरी बसली. पिशवी राहिली, म्हणून तर ही मेव्हिस. ऊनाला खोलीबाहेर नेलं. ॲम्ब्रोज खिडकीशी गेला. प्लास्टिक फाडलं. काच वर सरकवली. बर्फ आत आला. नर्स ओरडली, 'वेड लागलं का?' आणि हा..."

काका थांबले. इथं ते नेहमीच थांबत असावेत, कारण कुणीच पुढचं विचारलं नाही.

"'जा आता' म्हटलं," कोपऱ्यातून आवाज आला. "'पोरगी वाचली.'"

मी उठून ॲम्ब्रोजकाकांना चहा दिला. पत्र्याचा कप, उकळता. कानाला धरून दिला तरी मला चटका बसला. त्यांनी तो दोन्ही हातांत गच्च धरला.

"भाजत नाही का, काका?"

"काही ठिकाणी नाही."

कप खाली ठेवून त्यांनी हात शेगडीकडे वळवले. गरमीनं पंजे लालबुंद झालेले. फक्त उजव्या पंजाच्या पाठीवर चार पांढरे पट्टे, बोटांसारखे.

डाव्याच्या पाठीवर तीन.